एका मुलीपासून दोन बाण

"बाई, बाण डावीकडून उजवीकडेच का काढायचा?" मागच्या बाकावरच्या उंच पोराने विचारलं. वर्गात त्याला सगळे उंटच म्हणतात.

"कारण मी सांगते म्हणून. बस खाली."

वर्ग हसला. मी फळ्यावर डाव्या गोलात मुलं लिहिली, उजव्या गोलात आया. प्रत्येक मुलापासून त्याच्या आईकडे एक बाण. दोन भावंडांचे बाण एकाच आईकडे गेले तरी चालतं, पण एका मुलापासून दोन बाण निघता कामा नयेत. निघाले तर तो नुसता संबंध, गणितातलं फलन, म्हणजे फंक्शन, नव्हे. हे उदाहरण मी वर्षानुवर्षं घेते आणि पोरांच्या डोक्यात ते पक्कं बसतं.

"ये, तुझं नाव लिही आणि बाण काढ," पहिल्या बाकावरच्या माझ्या मुलीला मी सवयीने म्हणून गेले आणि जीभ चावली.

ती खरं तर माझ्या धाकट्या बहिणीची. बाळंतपणात बहिणीने अंथरूण धरलं, तेव्हा दुपट्यात गुंडाळलेली ही माझ्याकडे आली आणि मलाच आई म्हणत वाढली. आता बहीण ठणठणीत बरी झाली होती आणि तिला लेक हवी होती. "पोरीची इच्छा असेल तसं," मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले. पोरगी नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. 'राहा गं' म्हणायला माझं काय जात होतं? पण बहिणीच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटायचं, म्हणून मी गप्प.

तिने खडू घेतला. उजव्या गोलात बहिणीचं नाव लिहून तिकडे एक बाण काढला. मग खाली माझं नाव लिहून दुसरा बाण माझ्याकडे.

दोन बाण दिसले की नंतरचा पुसायचा, ही माझ्या हाताची खोड. डस्टर कधी फिरलं मलाही कळलं नाही. "आता झालं फलन," मी म्हणाले आणि पोरांनी ते उतरवून घेतलं. ती जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी घरी आले, तर ती बॅगेत कपडे भरत होती.

"अगं वेडे, ते गणित होतं. दोन बाण निघाले म्हणजे चूक नसते. संबंध असतोच तो. फक्त फलन नसतं, एवढंच."

"माहितेय मला."

"मग राहा ना गं. मला तू हवी आहेस." म्हटलं एकदाचं.

ती फ्रॉकची घडी घालत राहिली. "मघाशीच फोन करून सांगितलं, येते म्हणून. ती रडायलाच लागली. आता तिला नाही कसं म्हणू, मावशी?"

मावशी. पहिल्यांदाच म्हणाली.

बॅग गच्च भरली होती, चेन काही लागेना. तिने दोनदा ओढून बघितली. मग मीच बॅगेवर बसले, आणि तिने चेन लावली.