सगळे मावतील असा तंबू

माझी बायको निर्मला गेल्यावर शहापुरात जो तो मला एकच सल्ला देत होता: पुंडलिकराव, आता पोरांकडे जाऊन राहा. सल्ला द्यायला काय लागतं! थोरला तुलाराम नागपूरला सरकारी नोकरीत, धाकटा धनीराम भिलाईला कारखान्यात. दोघांकडेही राहून पाहिलं. नागपूरला गॅलरीत माझी खाट, भिलाईला बैठकीत. चार दिवस बरं जायचं. मग सून हळूच विचारायची, "मामाजी, धान कापाले आलं असंन ना?" आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. सून वाईट नव्हती, प्रश्नही वाईट नव्हता. पण मला जे कळायचं ते कळलं आणि मी शहापूरची एसटी धरली.

घरी बेबीबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जायची. ती गेली की घरात आवाज करणारा मी एकटाच. रेडिओ होता, पण आपण खोकलो तर रेडिओ काही "पाणी देऊ का" म्हणून विचारत नाही. पोरं सणावाराला येत, तीही आळीपाळीने. पोळ्याला एक, दिवाळीला दुसरा. जेवणं झाली की आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घेत आणि मी ओसरीवर पडून छताचे वासे बघत बसे. घर भरलेलं असलं तरी माझ्या वाट्याला बंद दारंच.

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. एकदा, निदान एकदा, माझी सगळी माणसं एका छताखाली एका ओळीत झोपलेली हवी होती. मध्ये मी. दिवा मालवल्यावर कुणी काहीबाही बोलावं, कुणी फिसकन हसावं, कुणी "झोपा आता" म्हणून दटावावं, आणि बोलता बोलता एकेकाचा आवाज बंद व्हावा. लहानपणी लग्नघरी अशी झोप मिळायची. एवढं मागणं म्हणजे काही फार नव्हतं.

तंबूचं डोक्यात आलं ते १९८१ च्या उन्हाळ्यात. सर्व्हेवाल्यांनी आमच्या आमराईत मुक्काम टाकला होता. त्यांचा साहेब सुट्टीत बायकोपोरांनाही घेऊन आला. मी चहाला गेलो तर तंबूत सगळ्यांची अंथरुणं शेजारी शेजारी घातलेली, आणि साहेबाची बारकी पोर बापाच्या उशीवर डोकं ठेवून झोपलेली. चहा कसा होता ते आठवत नाही. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. गाडी होतीच. निर्मलाच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनी अँबॅसडर घेतली होती. ती गेली आणि गाडी दारात राहिली. म्हटलं, धान निघाल्यावर पोरांना सुट्ट्या असतील तेव्हा सगळ्यांना गाडीत कोंबायचं आणि नवेगावच्या तलावावर जाऊन राहायचं. नुसता तंबू पाहिजे.

आधी नागपूरला गेलो. दुकानदाराने छोलदाऱ्या दाखवल्या, दोन माणसांच्या, छोट्या, सुबक. वर अक्कल शिकवली की काकासाहेब, अशा तीन घ्या, दोन जोडप्यांना दोन आणि तुम्हाला एक. माझं डोकंच फिरलं. वेगवेगळं निजायचं तर घरी काय खोल्या कमी होत्या? तसं त्याला सुनावलं आणि पायऱ्या उतरलो.

मग कुणीतरी तुमसरच्या देवाजीचं नाव सांगितलं. धानाच्या व्यापाऱ्यांना पोत्यांवर झाकायला ताडपत्र्या लागतात, त्या तो शिवायचा. माणूस सडाफटिंग, गोदामातच राहणारा, आणि माझ्यासारखाच हट्टी. आमचं जमलं. त्याने कॅनव्हासची चार थानं काढली. पातळ कापड गाडीवर हलकं, पण दवाने भिजतं. जाड कापड भिजत नाही, पण टपावर चढवायला चार माणसं लागतात. शेवटी मधल्या जाडीचं एक हिरवं कापड चार खुंट्यांना झोळीसारखं बांधून आम्ही त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली डोकी घालून बसलो. चहा आला, पिऊन झाला, खाली थेंब नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या कापडाला थोपटलं. बांबू लांब, गाडीवर मावेनात, म्हणून लोखंडी नळ्या घेतल्या, एकात एक अडकवायच्या.

राहिलं माप. देवाजी म्हणाला, किती मोठा? मी म्हटलं, सगळे मावतील एवढा. असं माप त्याला समजेना, तेव्हा मी टोपी काढली आणि गोदामाच्या फरशीवर सरळ आडवा झालो. त्याने माझ्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा ओढल्या. हा तुलाराम, ही त्याची चंद्रकांता, ह्या दोन पोरी, हा पोरगा. इकडे धनीराम, ही मालन, तिचं तान्हं. दोघेही मोठ्या खुशीत होतो. कापड उरत होतं म्हणून देवाजीने विचारलं की मधात पडदा लावून देऊ का. मी म्हटलं, पडद्यापायीच तर सारा खटाटोप. त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली. असं ते सगळं आम्ही दोघा गड्यांनी ठरवलं. त्या गोदामात एक जरी बाईमाणूस असतं!

तंबू तयार होऊन आला तेव्हा अंगणात उभा करून पाहिला. अर्धं गाव विचारायला आलं की पुंडलिकराव, लग्न कोणाचं? बेबीबाई आत जाऊन चारी कोपरे बघून आली. "समदे याच्यातच निजतीन?" तिने विचारलं. मी ऐटीत म्हणालो, सगळे. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाई कौतुकाने हसली.

पोरांना ट्रंक कॉल लावले. पहिल्यांदा दोघांनीही रजा नाही म्हणून सांगितलं. पण मी सुनांना निरोप दिला, नातवंडांना वाघाची लालूच दाखवली, आणि डिसेंबरच्या शेवटी दोन्ही बिऱ्हाडं एकाच दिवशी माझ्या दारात उतरली. निर्मलाच्या तेरवीनंतर पहिल्यांदाच. अँबॅसडरमध्ये आम्ही लहानमोठे मिळून नऊ जण, टपावर तंबू, डिकीत भांडी आणि तांदूळ. नातू माझ्या मांडीवर, धनीराम गाडी चालवतो आहे, मागे दोघी जावा मांडीवर पोरं घेऊन दाटीवाटीने बसलेल्या. साकोलीपर्यंत माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि मी पाय हलवला नाही. इतकं सुख झालं होतं.

नवेगावला तलावाच्या पाळीखाली मोकळी जागा पाहून तंबू उभा केला. दोघं भाऊ नळ्या जोडताना भांडले, मग हसले. चुलीवर भात शिजला, मासळीचा रस्सा झाला. थंडी मी म्हणत होती. जेवणं उरकल्यावर मी घाईघाईने आत गेलो आणि स्वतःच्या हाताने अंथरुणं घातली, ठरवली होती तशीच ओळीने. मध्ये माझं. नातवंडं येऊन धबाधब पडली आणि तंबूत एकच धिंगाणा झाला. मी आडवा झालो. वर हिरवं छत, कंदिलाचा उजेड, अंगावर नातीचा पाय. म्हटलं, आता मोठे आले की झालं.

मोठे येईनात. दोघं भाऊ दाराशी बसून बिड्या ओढल्यासारखी नुसती वाफ सोडत होते. सुना बाहेर भांडी घासत होत्या. भांडी घासून झाली तर त्यांनी ती पुन्हा घासली. मी हाक दिली, या आता, गारठ्यात काय बसता. "हो मामाजी," म्हणत दोघी आत आल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खांबाला टेकून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. मी म्हटलं, दमल्या असाल, पडा आता. "हो मामाजी." पण हलेना कुणी. नातवंडं झोपली. चंद्रकांताला पेंग येत होती, डोकं खांबावर आपटत होतं आणि ती दचकून सावरून बसत होती. मला काही सुचेना. जागा पसंत नाही की काय? अंथरूण ओलं आहे का?

तेवढ्यात मालनचं तान्हं रडायला लागलं. तिने त्याला थोपटलं, हलवलं, ते ऐकेना. मग शालीत गुंडाळून ती उठली आणि बाहेर गेली. गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. तान्ह्या पोराला घेऊन असल्या थंडीत गाडीत कशाला गेली ही? मी धनीरामला विचारलं. तो जमिनीकडे बघायला लागला. तुलारामकडे बघितलं, तर त्याने कंदिलाची वात वरखाली करायला घेतली. शेवटी चंद्रकांताच बोलली, खाली मान घालून, अगदी हळू.

"मामाजी, राग नका मानू. तुमच्यापुढं आमाले लवंडता नाही येत."

मी उठून बसलो. राग कसला येणार? मला माझीच लाज वाटली. सासऱ्यापुढे सून पाठ टेकत नाही. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझे वडील ओसरीवर जागे असेपर्यंत निर्मला कधी आडवी झाली नाही. पोटुशी असताना, तापाने फणफणलेली असताना, चुलीशेजारी भिंतीला टेकून बसून राहायची. मी रोज पाहत होतो. पाहत होतो आणि ती आपोआप घडणारी गोष्ट आहे असं समजत होतो. ती असती तर तंबूचं नाव काढल्याबरोबर तिने मला वेड्यात काढलं असतं. ती असती तर तंबूची गरजच पडली नसती, ते वेगळं.

म्हणालो, मला आत कोंदटतं, गाडीचीही राखण पाहिजे, मी आपला गाडीत झोपतो. थाप चांगली नव्हती. पण पुढचं वाक्य जुळवायच्या आत चंद्रकांताने माझी उशी उचलली होती, तुलारामने ब्लँकेट, आणि धनीराम दार धरून उभा होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "बाबूजी, थंडी हाय, आणखी एक घोंगडं देतो," धनीराम म्हणाला. कुणीही, अगदी तोंडदेखलं म्हणूनसुद्धा, राहा म्हणालं नाही. कसं म्हणणार? त्यांचं काय चुकलं?

मालन तान्ह्याला घेऊन उतरली आणि मी मागच्या सीटवर शिरलो. सीट अजून कोमट होती. पाय मुडपून पडलो. समोर तंबू उजेडाने हिरवा दिसत होता. मग कंदील मालवला गेला, आणि मी ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला होता ते सुरू झालं. आधी कुजबुज. मग मालनचं हसणं. पदर बाजूला ठेवून ती असं हसते हे मला माहीतच नव्हतं. मग तुलाराम काहीतरी सांगू लागला, मध्येच धनीराम त्याला तोडू लागला, आणि त्यातला एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला: आई. आई म्हणे, आई कशी, आईने तेव्हा. दोघं भाऊ निर्मलाबद्दल बोलत होते. ती गेल्यापासून माझ्यासमोर तिचं नाव कुणी काढत नव्हतं, मला त्रास होईल म्हणून.

मी गाडीची काच खाली केली. थंडी आत आली, पण शब्द काही आले नाहीत. नुसतं हसणं येत होतं. तिची कोणती गोष्ट सांगत होते कोण जाणे. मला माहीत असलेली असती तर मीही हसलो असतो, नसलेली असती तर मला ती हवी होती. एकदा वाटलं, उठावं, तंबूच्या दाराशी जाऊन उभं राहावं. पण मी गेलो असतो तर आत सगळे उठून बसले असते. म्हणून पडून राहिलो. मग एकेकाचा आवाज बंद होत गेला.

सकाळी मालन चहा घेऊन गाडीशी आली. छान झोप झालेला तिचा चेहरा टवटवीत दिसत होता. तंबूत किती बरं वाटलं, धनीराम दरवर्षी यायचं म्हणतो आहे, असं तिने सांगितलं. मग गाडीच्या काचेवरचं दव पदराने पुसत ती थांबली, आत माझ्या अंथरुणाकडे बघितलं, आणि तिचं मन भरून आलं. पोरगी खरंच मायाळू आहे.

"मामाजी, इथं उजेड लई येते तुमच्या डोऱ्यावर," ती म्हणाली. "पुढल्या साली मी या गाडीले पडदे शिवून आनतो."

मी म्हणालो, आण. तिने रंग कोणता विचारला, तर म्हटलं, तुला आवडेल तो.