बारावं झाड

आमच्या गावात जंगलाची राखण पगारी नाही. ग्रामसभा माणूस निवडते आणि तो वर्षभर फुकट राबतो. निवडीची पद्धत सोपी: जो सभेला गैरहजर, तो सर्वानुमते लायक. त्या रविवारी मी दाढ काढायला वाहाका शहरात गेलो होतो. सुजलेला गाल घेऊन परतलो, तेव्हा मी वनराखण समितीचा प्रमुख झालो होतो.

"अभिनंदन, फिदेन्सियो," अध्यक्ष दोन्या तेओदुला म्हणाल्या. "एकानंही विरोध केला नाही."

"मी असतो तर केला असता."

"म्हणूनच तर."

मे महिन्यात झऱ्यावरच्या उतारावर अकरा पाइन लाल पडले. सालीखालचा किडा. उपाय गावात कुणालाही विचारा: झाडं लगेच पाडायची, साल सोलून जाळायची. पण जंगल गावाचं असलं तरी झाड आजारी आहे की नाही, हे शहरातलं खातं ठरवतं. आम्ही अर्ज केला.

परवानगी सप्टेंबरात आली. अकरा झाडांची. किडा मात्र कागदासाठी थांबला नव्हता. लाल झाडं एकशे चाळीस झाली होती. बारावं पाडलं की वनगुन्हा, आणि त्या कागदावर नाव समितीच्या प्रमुखाचं. म्हणजे माझं. अकरावर थांबलो तर नाताळपर्यंत झऱ्यावर सावली राहणार नव्हती, आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा.

गावानं घरटी एक माणूस श्रमदानाला काढला. तीन दिवसांत उतार मोकळा झाला. सगळे मक्याचे तमाले खाऊन घरी गेले, मी तुरुंगात न्यायच्या कपड्यांना इस्त्री केली.

चौथ्या दिवशी त्या खात्याचे इंजिनिअर बाल्तासार आले. भला माणूस. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या जंगलाला मोठा फलक दिला होता: 'हे जंगल गावाचं. येथे ग्रामसभेचा शब्द अंतिम.' चार बोटं लांब खिळ्यांनी तो एका निरोगी पाइनवर ठोकलाही होता. त्या आनंदात जत्रेत आम्ही त्यांना हार घालून मानाचे गावकरी करून घेतलं, गावकऱ्यांच्या वहीत सही घेतली. तो फोटो त्यांच्या ऑफिसात आहे.

त्यांनी बुंधे मोजले आणि सभा बोलावली.

"परवानगी अकराची, बुंधे एकशे चाळीस. मला एक नाव हवंय."

सभा अख्खी माझ्याकडे बघायला लागली. काहीजण तर प्रेमानं.

"नाव सभा निवडेल," दोन्या तेओदुला म्हणाल्या.

"गुन्हेगार काय निवडून देणार?"

"इथं चर्चची घंटा वाजवणाराही निवडूनच येतो, इंजिनिअरसाहेब."

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. आमच्याकडे बोलण्याइतकी रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. साहेब लगबगीनं चढावर गेले.

दोन्या तेओदुलांनी दार लावलं. "हजेरी घ्या."

सचिवानं वही उघडली. दोनशे सहा गावकरी हजर. मानाचे गावकरी, एक, गैरहजर.

साहेब परतले ते टाळ्यांच्या गजरातच.

"अभिनंदन," मी म्हणालो. "एकानंही विरोध केला नाही."

"अहो, मी इथला नाही!"

"ही तुमची सही."

"हे कायद्यात बसत नाही!"

"ग्रामसभेचा शब्द अंतिम," दोन्या तेओदुला शांतपणे म्हणाल्या. "फलकावर लिहिलंय. खाली तुमच्या खात्याचा शिक्का आहे. तुमच्या अहवालाला तुमच्या नावाचा ठराव जोडून देऊ, तीन प्रतींत."

साहेब खाली बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे मेस्काल दारूचा पेला सरकवला. तो संपवून त्यांनी खिडकीतून उताराकडे बघितलं.

"सप्टेंबरात," ते शेवटी म्हणाले, "वारा फार होता, नाही?"

"फारच," सभा एकमुखानं म्हणाली.

अहवाल रीतसर दाखल झाला. अकरा झाडं परवानगीनं, एकशे एकोणतीस वाऱ्यानं. वाऱ्यानं ती गुडघ्याच्या उंचीवर, एका रेषेत कापली. त्यात माझं नाव कुठंच नाही. किड्याचंही नाही.