तळलेल्या केळ्याचा वास

चौकात पांढऱ्या चादरीखाली जीप उभी होती आणि तिच्याभोवती सगळं ला पाल्मिता गाव गुडघ्यांवर बसलं होतं.

"पाठ फिरवा! डोंगराकडे तोंड करा!" भुतं शांत करणारा बंधू एलेआसार ओरडला. "मेलेल्याला उघड्या डोळ्यांची लाज वाटते. जो वळून बघेल, त्याच्या गाडीत तो बसायला येईल!"

शंभर-दीडशे माणसं एकदम फिरली. मार्लेनीही फिरली, कारण तिची सहा वर्षांची मुलगी, लुस दारी, तिचा हात धरून बसली होती आणि पोरीच्या बाबतीत मार्लेनी वाऱ्यालासुद्धा भीत असे. चादरीखालून एलेआसारची प्रार्थना ऐकू येत होती आणि मधूनमधून लोखंडावर लोखंड फिरल्याचा आवाज. शहरात राहून मार्लेनी चार वर्षं रसायनशास्त्र शिकली होती. प्रार्थनेला पाना कशाला लागतो, असं तिच्या मनात आलं.

जीप तिच्या नवऱ्याची, ओविदिओची. कॉफीची पोती, केळ्यांचे घड, कोंबड्या आणि शाळेची पोरं घेऊन ती रोज डोंगर उतरायची. चार वर्षांपूर्वी तिचा आधीचा मालक हेरिबेर्तो तिच्यासकट चौथ्या वळणावरून दरीत गेला होता. ओविदिओने सांगाडा वर काढला, ठोकला, रंगवला. इंजिन आणि गिअरबॉक्स तेच जुने ठेवले आणि यंदाच ती पुन्हा रस्त्यावर आणली. आणि गेल्या महिन्यापासून नेमकी त्याच वळणावर गाडी रडू लागली. लांब, खोल, पोटातून. चढताना नाही, फक्त उतरताना. आत हेरिबेर्तोच रडतोय, असं गाव म्हणू लागलं. लुस दारी आपल्या बाहुलीला झोपवताना तसाच आवाज काढायची.

चादर निघाली. एलेआसारने कपाळाचा घाम पुसला. "त्याला जेवू घातलंय. आता तो शांत आहे. पण गिअरबॉक्स कुणी उघडला, तर उपाशी होऊन परत येईल, सांगून ठेवतो!"

बारा माणसं घेऊन ओविदिओ चौथं वळण उतरून आला. आवाज नाही! वर येईपर्यंत मात्र गाडीच्या पोटातून एक वास सुटला होता. थेट तळलेल्या केळ्याचा, घरी हिरवी केळी चेचून तळतात त्या पाताकोनचा.

"पाहिलंत? मेलेला जेवतोय!" एलेआसारने दोन्ही हात वर केले. बायका रडू लागल्या. उरलेल्या सात जीपवाल्यांनी तिथेच आपापला नंबर लावला.

हेरिबेर्तोची विधवा, म्हातारी दोन्या बेर्तिल्दा, पुढे होऊन बॉनेटला कवटाळून बसली. "हाच गं वास, मार्लेनी. तो गेला त्या आठवड्यातही गाडीला असाच वास होता."

"आधी? म्हणजे ते जिवंत असताना?"

"हो. गाडी रडायची तेव्हाही. विकायची होती त्याला. मग एक दिवस माझ्याकडून दोन हिरवी केळी मागून घेतली. मी म्हटलं, खाणार का कच्ची? तर हसून म्हणाला, गाडीचा घसा बसलाय, तिला देतो. दुसऱ्या दिवसापासून गाडी गप्प. आणि चौथ्या दिवशी..."

गर्दी क्रूसाची खूण करत होती. मार्लेनी मात्र मनात क्रम जुळवत होती. गाडी गप्प झाली होती, मग माणूस गेला होता. आणि उद्या सोमवार. उद्या लुस दारी मागच्या बाकावर बसून तेच वळण उतरणार.

"ओविदिओ, गिअरबॉक्सचा खालचा नट उघड."

"वेडी झालीस का? एवढी माणसं बघतायत!"

"बघू देत. उघड, नाहीतर पाना दे माझ्याकडे."

"तू? तुला चटणीची बरणी उघडत नाही!"

"म्हणूनच तुला सांगतेय. पोर तुझीही आहे ना?"

ओविदिओने एकदा एलेआसारकडे पाहिलं, एकदा लुस दारीकडे, आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला. मार्लेनीने कपडे धुण्याचं घमेलं आत ढकललं.

ऑइल आलं ते धारेने नाही, लगद्याने. काळं, दाट, त्यात लांब लांब धागे.

"मेलेल्याचे केस!" एलेआसार किंचाळला. "मागे व्हा!"

गर्दी मागे झाली. लुस दारी पुढे गेली, वाकली आणि नाक मुरडून म्हणाली, "आई, केस कसले! केळं आहे. करपलेलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मार्लेनीने बोटावर लगदा घेऊन उन्हात धरला. धाग्यांच्या मधून पोलादाचा चुरा चमकत होता. ओविदिओने गिअरच्या दांड्याखालचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवून पाहिलं. बेअरिंगची कडी फुटली होती, दोन गोळ्या जागेवर नव्हत्या.

"उतारावर आपण दुसरा गिअर टाकतो," तो हळूच म्हणाला, "गाडी आवरायला. तेव्हा चाकांचा सगळा रेटा उलटा इथे येतो. म्हणून तिथेच रडायची. झिजलेलं बेअरिंग ओरडत होतं, दुसरं काही नाही. केळ्याने ऑइल घट्ट झालं, आवाज दबला. झीज चालूच राहिली. अजून दोन दिवसांनी गिअर निसटला असता आणि वळणावर..."

सगळ्यांनी दरीकडे पाहिलं.

"जुन्या गाड्या विकणारे असंच करतात," गर्दीतला एक ड्रायव्हर ओरडला. "ए बंधू, मेलेल्याला जेवू घालत होतास, की आम्हाला त्याच्या पंगतीला बसवत होतास?" पण तोवर एलेआसार मोबदल्यात मिळालेला कोंबडा काखेत मारून चर्चच्या मागून सटकला होता.

नवं बेअरिंग यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस पोरं चालत शाळेत गेली. पाचव्या दिवशी दोन्या बेर्तिल्दा पुढच्या सीटवर येऊन बसली. चौथ्या वळणावर ओविदिओने दुसरा गिअर टाकला. वारा, इंजिन, बाकी काही नाही. म्हातारीने कितीतरी वेळ कान लावला.

"इथे नाही तो," ती म्हणाली. "रडत होता तेव्हा वाटायचं, निदान आहे."

मार्लेनीने तिचा हात धरून ठेवला. गावाला मात्र जे सांगायचं होतं, ते तिने पुढच्या रविवारी त्याच चौकात सांगितलं. गाडी ओरडली, तर कोण मेलं हे विचारू नका, काय झिजलं ते बघा. आवाज बंद झाला म्हणून दुखणं बरं झालं असं समजू नका. आणि जो कुणी 'तुमचं भलं करतो' म्हणत तुम्हाला पाठ फिरवायला सांगेल, त्याच्याकडे तोंड करून उभे राहा.