गोमुखीतले केशवराव

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. पटली तर चहा माझ्याकडून, नाही पटली तर तुमच्याकडून. म्हणजे चहा मीच पाजीन ही भीती मला बिलकूल नाही.

भातकुलीच्या एसटी थांब्यावर, श्रावणच्या टपरीत बसून मी आजवर पुष्कळ सांगितलं. विहिरीत पडलेली म्हैस बादलीत बसून वर आली, तीही गोष्ट माझीच. पण आजची खरी आहे.

"नत्थुजी, हे तुमी दरवेळी म्हणता," श्रावण म्हणतो.

"गप बे. चहा गाळ."

आता बघा, त्या समोरच्या बाकावर झेंडूचं पोतं घेऊन पाठमोरी बसलेली म्हातारी दिसते ना? गोष्ट तिचीच. पार्बताबाई. हळू बोलायचं काही काम नाही. तिच्या कानाची मशीन श्रावणच्या फळीवर चार्जिंगला लावलेली असते. कानाशी ढोल बडवा, ती अमरावतीच्या गाडीची वाट बघत राहील.

तर गर्दी. आमच्या गावात मारुतीच्या पारावर अशी गर्दी मी साठ वर्षांत पाहिली नव्हती. सात गावांची माणसं, चार ट्रॅक्टर, आणि शपथेवर सांगतो, रांगेत एक बैल आपणहून उभा होता. मध्यभागी नादबाबा. अकोल्याकडून जीपमध्ये आलेले. पांढरी दाढी, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजवा हात सदा गोमुखीत. गोमुखी म्हणजे जप करताना माळ झाकायची कापडी पिशवी. सगळ्या जपवाल्यांकडे असते. पण हिच्यात नारळ मावला असता. मला तेव्हाच शंका आली. मला पहिल्यापासूनच शंका होती, हे ध्यानात ठेवा.

आता पार्बताबाईचं सांगतो. तिला बारा वर्षं ऐकू येत नव्हतं. यंदा अमरावतीत एका संस्थेनं शिबिर घेतलं, तिथं तिला मशीन मिळाली. कानामागं बसणारी, शेंगदाण्याएवढी. तिचा आवाज फोनवरून कमी-जास्त करावा लागतो. म्हातारीचा फोन बटनाचा. सून कौशल्या त्या दिवशी फुलं तोडण्यात अडकलेली. म्हणून शेजारधर्म म्हणून मी घेऊन गेलो, आणि मशीन बसवणाऱ्या वर्षाली मॅडमनी ती माझ्या फोनशी जोडून दिली. पुढं काय, तर माझा फोन तिवशाच्या बाजारात चोरीला गेला. हेही ध्यानात ठेवा.

बाबा येऊन तीन दिवस झाले. पार्बताबाई पाराजवळ बसली होती. एकदम कान धरून उभी राहिली.

"टुण-टुण वाजलं! अन् हे... हे बोलून राह्यले! माहे मालक बोलून राह्यले!"

तिचे मालक केशवराव. जाऊन दोन वर्षं झालेली. आजूबाजूच्या शंभर माणसांना चिमणीचासुद्धा आवाज आला नाही. आणि म्हातारीच्या डोळ्यांतून धारा.

बाबांनी डोळे आणखी अर्धे मिटले. "माई, जो टुण-टुण ऐकलास, तो अनाहत नाद! ब्रह्मांडाची घंटा! सातव्या कंपनातून आत्मा लहरींवर स्वार होतो, लहर शुद्ध कानात शिरते. बारा वर्षं तुझा कान तप करत होता, माई! या गर्दीत शुद्ध कान एकच!"

गर्दीनं आपापले अशुद्ध कान चाचपले.

"काय म्हणाले वो मालक?" कोणीतरी विचारलं.

पार्बताबाईनं ऐकलं तसं सांगितलं. "पार्बता, मी सुखात आहे. बाबांची सेवा कर. विहिरीजवळचं वावर बाबांच्या आश्रमाला दे."

कौशल्या मागं उभी होती, कमरेला फुलांची टोपली. ती म्हणाली, "मामंजी जिते होते तवा 'हाये' म्हणत. वर जाऊन 'आहे' म्हणाले लागले?"

लोक तिच्यावर धावून गेले. मी मात्र मनात म्हटलं, पोरगी बरोबर बोलून राहिली.

विहिरीजवळचं वावर म्हणजे दीड एकर. झेंडू, शेवंती, थोडी मेथी. कौशल्याचा नवरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. घर खरं चालतं ते त्या दीड एकरावर आणि त्या दोन बायांवर. सोमवारी भातकुलीच्या कचेरीत बक्षीसपत्र करायचं ठरलं. बाबांच्या चेल्यानं कागद आधीच टाइप करून आणले होते. आत्मा शुक्रवारी बोलला आणि कागदावर तारीख बुधवारची. ही गोष्टही कौशल्यानंच पाहिली.

त्या संध्याकाळी सासू-सुनेचं जे झालं ते आख्ख्या आळीनं ऐकलं.

"आई, वावर गेलं त आपन काय करू? दुसऱ्याच्या बांधावर तण निंदाले जाऊ?"

"तुले काय कळते? बारा वर्षांनी माह्या कानात माणूस बोलला. कोनाचं त बी बोलनं आलं असतं, त मी नाचली असती. हे त ते होते!"

"त्यांचा आवाज वळखला तुमी?"

म्हातारीनं कानामागच्या मशीनला हात लावला. मग म्हणाली, "बारा वर्सांपयले ऐकला होता. आता आठवत नाही, बाई. पन माह्या नावानं बोलले ना?"

 इथं कौशल्यानं वाद सोडला आणि नजर ठेवायला सुरुवात केली. वावरात केशवराव बोलत नाहीत. घरात बोलत नाहीत. मशीन काढली की बोलत नाहीत. फक्त बाबा जवळ असले की, आधी टुण-टुण आणि मग तीच तीन वाक्यं. नवरा-बायकोनं पन्नास वर्षं संसार केला, आणि त्या माणसाला मेल्यावर तीनच वाक्यं आठवावीत?

तिनं वर्षाली मॅडमला फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला. "ताई, मशीन फोनशी जोडली गेली की टुण-टुण वाजतं. आत्ता कोणाच्या फोनशी जोडली जाऊन राहिली?"

रविवारी सकाळच्या एसटीनं मॅडम आल्या. साधी पोरगी, अंगावर सुती ड्रेस, खांद्यावर पिशवी. मला वाटलं, आता भाषण ठोकणार आणि मार खाणार. तिनं काहीच नाही केलं. बाबांना हात जोडले, पार्बताबाईजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, आजोबा आत्ता बोलून राहिले का?"

"हो बाप्पा, सकायपासून."

"मग त्यांना घरी घेऊन चला ना. सुनेच्या हातचा चहा तरी दाखवा."

म्हातारीला पटलं. उठली. बाबा म्हणाले, "माई, आसन सोडू नको!" पण ती निघाली होती. गर्दी मागं. पावलं मोजायला मी. एक, दोन... पंधरा, सोळा. हापशीजवळ पार्बताबाई थबकली.

"अर्र! तुटले. गेले!"

"मागं या एक-दोन पावलं," मॅडम म्हणाल्या.

"आले!"

पुन्हा पुढं. गेले. पुन्हा मागं. आले. तिसऱ्यांदा तर आमच्या गर्दीतल्या पोराटोरांनी पाळणा म्हटल्यासारखं सुरात म्हटलं, "आले, गेले, आले!"

बाबा गरजले, "आत्म्याला मर्यादा असते!"

कौशल्या म्हणाली, "महाराज, सर्गातून पारापर्यंत येते, अन् पारावरून हापशीलोग नाही?"

हसू फुटलं. पण खरं काम अजून बाकी होतं, कारण पार्बताबाई हसली नव्हती. ती पारावर परत येऊन बाबांसमोर बसली. खांद्यावरचा नवऱ्याचा जुना दुपट्टा काढला आणि आपल्या उजव्या हातावर पसरला.

तुमच्यापैकी जुन्यांना ठाऊक असेल, बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात. केशवराव बैलांचा सौदा करायचे. बायकोचे कान गेले तेव्हा त्या माणसानं घरात तीच युक्ती काढली. दुपट्ट्याखाली बोटं दाबून बोलायचे. कोणती खूण कशाची, ते त्या दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मला सगळं ठाऊक असतं.

"इचारा त्यांले," म्हातारी म्हणाली. "रोज बाजारातून आले की पयले कोनते बोटं दाबत? ते सांगू द्या. वावर काय, घर बी देतो."

 बाबांचा हात गोमुखीत हलला. पार्बताबाईनं मान कलती करून ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं.

"काय म्हणाले?" कौशल्यानं विचारलं.

"तेच म्हनून राह्यले. सुखात आहे. सेवा कर. वावर दे." तिनं दुपट्टा उचलला. "दहा वर्सं त्या मानसानं माह्या हातावर रोज एकच पयले इचारलं, जेवलीस का. हा कोन व? माह्या पोटाचं इचारत नाही अन् वावर मांगते?"

आणि बाबांना कळायच्या आत तिनं गोमुखीत हात घातला. माळ निघाली नाही. फोन निघाला. मागं नारिंगी कव्हर, कोपऱ्याला तडा. अहो, माझाच! तिवशाला चोरीला गेलेला! पडद्यावर आवाजाची पट्टी पुढं पुढं सरकत होती, आणि वर पार्बताबाईच्या मशीनचं नाव.

चेला जीपकडे पळाला. जीपसमोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टर कोणी लावला, हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. ठाण्यातली माणसं येईपर्यंत मॅडमनी फोन हातात धरून सगळ्यांना समजावलं, आणि मी मन लावून ऐकलं.

"यात एक छोटा रेडिओ असतो, ब्लूटूथचा. त्याला स्वतःची अक्कल नाही. त्याला दोनच कामं येतात, हाक मारणं आणि हाक ऐकणं, तीही अशी पाचपंचवीस पावलांत. त्याच्यावर हुकूम चालवते फोनची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोनचा कारभारी म्हणा. कारभारी म्हणतो, बघ रे, जवळ कोण आहे? रेडिओ हाक मारतो, नावं आणून देतो. कारभारी म्हणतो, हा आवाज त्या मशीनला पोचव. रेडिओ पोचवतो. आवाज मग फोनच्या भोंग्यातून येतच नाही, सरळ आजींच्या कानात जातो. म्हणून तुम्हाला कोणालाच ऐकू आला नाही."

"पन यात त सिमच नाही," एक जण म्हणाला.

"लागतच नाही. ना सिम, ना नेटवर्क. पहिल्यांदा जोडताना फोन आणि मशीन आपसात एक गुप्त खूण ठरवतात आणि दोघं जपून ठेवतात. दुसऱ्या वेळी जवळ आले, खूण जुळली की, कारभारी कोणाला विचारत बसत नाही. जोडून टाकतो. टुण-टुण."

"म्हंजे दुपट्ट्याखालच्या बोटांवानी," पार्बताबाई म्हणाली.

"अगदी तसंच, आजी. पण तुम्हाला हात कोणाचा ते कळतं. मशीनला फक्त खूण कळते. फोन कोणाच्या पिशवीत आहे, तिला काय ठाऊक? चेल्यानं एखादे दिवशी पाराजवळ या फोनवर भजन लावलं असेल. बाहेर आवाज नाही, आणि तुम्ही मात्र डोलायला लागलात. तेवढ्यावर त्यानं ओळखलं. मग तीन वाक्यं भरून ठेवली."

मॅडमनी त्या फोनमधून मशीनचं नाव पुसलं, मशीनमधली जुनी खूणही काढली आणि ती कौशल्याच्या फोनशी जोडली.  म्हातारी एवढंच म्हणाली, "मले वाटलं, मेल्यावर त तोंडानं बोलले." कौशल्यानं तिचा हात घेतला, वर पदर टाकला आणि आत काहीतरी दाबलं. चुकीची बोटं दाबली असणार. तरी म्हातारी हसली.

सोमवारी भातकुलीच्या कचेरीत कोणी गेलं नाही. सोमवारी शेवंती तोडली.

"नत्थुजी, चहा थंड झाला," श्रावण म्हणतो. तो मघाशी मध्येच उठून फळीपर्यंत गेला होता, बाकापर्यंतही जाऊन आला. आता मिशीत कशाला हसतो आहे, कोण जाणे.

होऊ दे. गोष्टीचं सार सांगितल्याशिवाय मी चहा पीत नाही. तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी दहा पावलं मागं सरा. तिथूनही दिसतो का, ते बघा. ज्याचा हात झाकलेला आहे, त्याला म्हणा, पिशवी उलटी कर. आणि सांगणारा कितीही म्हातारा असो, कितीही शहाणा असो, त्याला विचारा. हे कुठून आलं? कोणाच्या हातातून गेलं? विचारायला लाजू नका. माझ्यासारखा माणूस पहिल्या दिवसापासून शंका घेत होता, म्हणूनच तर...

"मी इचारू, नत्थुभाऊ?"

बाकावरची म्हातारी वळून बसली आहे. कानामागं शेंगदाण्याएवढं काहीतरी चमकतं आहे.

"पार्बतावयनी! मशीन त फळीवर..."

"श्रावननं कवाची आनून देल्ली. म्हशीपासून नाही, पन बैलापासून सारं ऐकून राह्यली. मले एवढंच सांगा, तुमचा फोन बाबाच्या पिशवीत गेला कसा?"

"सांगितलं ना वयनी, तिवशाच्या बाजारात चोरी..."

"खोटं!" ती अख्ख्या थांब्याला ऐकू जाईल असं म्हणते. "तुमी सोताच्या हातानं बाबाच्या पायावर ठेवला. नातवाले नौकरी लागू द्या म्हनून. पयल्या दिवशी, सगळ्यांच्या पयले, पारावर पालथे पडून. तवा मशीन कानात नव्हती, नत्थुभाऊ, पन डोये होते. अन् तो फोन उघडाचा नंबर बी तुमीच त्याच्या वहीत लिहून देल्ला!"