मेंदूतल्या पुलावर धरलेला हात

मित्रांनो, मी एक जीर्ण झालेला रेणू आहे. जातीने प्रथिन आणि कामाने धरून ठेवणारा. माझे वय विचारू नका. आमच्या कुळात काही दिवस जगलेलाही वृद्ध ठरतो.

माझा जन्म वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातला. या हिवाळ्यात अंजनाला पाचवा महिना लागला होता. तिचा नवरा कृष्णात सैन्यात, दूर सीमेवर होता. तिने खाल्लेल्या भाकरीतून आणि हरभऱ्याच्या घुगऱ्यांतून माझे सारे घटक आले. पोटातल्या बाळाच्या मेंदूतील एका पेशीने ते मण्यांसारखे ओवले, माझी घडी घातली, अंगाला साखरेच्या कणांची झालर लावली आणि मला आपल्या बाहेरच्या पापुद्र्यात रोवले.

त्या पेशीला एक लांब तंतू फुटला होता. त्याच्या टोकाशी मी होतो. मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडून उजव्या अर्ध्याकडे जाणारा पूल तेव्हा नुकता बांधला जात होता, आणि आमच्या तंतूला तो ओलांडायचा होता. तिथे दिवा नव्हता, डोळे नव्हते. होता तो केवळ स्पर्श. पुढे गेलेल्या तंतूंच्या अंगावर माझेच भाऊबंद उभे होते. मी त्यांच्यापैकी एकाला धरी, त्या आधाराने टोक पुढे सरके, आणि मग मी हात सोडी. मागे पडलेल्या मला पेशी आत ओढून घेई आणि पुन्हा टोकाशी आणून लावी. नुसते धरून बसणाऱ्याचा प्रवास थांबतो. मुळीच न धरणारा भरकटतो. या दोहोंमधल्या अरुंद वाटेने मेंदू वाढतो, याचे मला अजून नवल वाटते. सत्तरच्या या दशकात दूरदेशीच्या प्रयोगशाळांना आमचा नुकता सुगावा लागतो आहे. आमच्या गावात मात्र आमचे नावही कुणाला ठाऊक नाही.

एके दिवशी उसाला पाणी पाजताना अंजनाच्या अंगात थंडी भरली. संध्याकाळी तिचे सासरे, निवृत्त सुभेदार हंबीरराव, साताऱ्याच्या लष्करी कॅन्टीनमधून आणलेली रम घेऊन आले. त्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही.

"घे पोरी, कोमट पान्यात टाकलीया. थंडीला ह्याच्यावानी औषिद न्हाई."

चुलीपुढून सासू मनुबाई म्हणाली, "आवं, जन्मायच्या आदीच पोराला पलटणीत भरती करताय व्हय?"

"गप गं! लडाखच्या बर्फात ह्यानंच जगवलं आमास्नी."

सासऱ्यांना 'नको' म्हणायची त्या घरात रीत नव्हती. अंजनाने पदराआड पेला रिकामा केला.

मित्रांनो, ती रम रक्तातून माझ्यापर्यंत आली. मी भावाकडे हात नेला. तो लागला, पण पकडता येईना. टोक पुलाच्या मध्यावर थबकले. शेजारचा एक तंतू वाट चुकून दुसरीकडेच वळला. त्याचा स्पर्श मला दुरावत गेला.

दुसऱ्या संध्याकाळी पेला पुन्हा पुढे आला.

"मामंजी, मी न्हाई घेनार."

हंबीररावांनी पेला तसाच पुढे धरला. "का गं? सुभेदाराचं औषिद कडू लागलं?"

"कालपास्नं पोटातलं हाललं न्हाई. तुमी बर्फात हुता तवा सहा फुटी गडी हुता. ह्ये वांग्याएवढं हाय."

"लय डाक्टरीण झालीस व्हय?"

"डाक्टरीण न्हाई," तिचा आवाज कापत होता, "पन ह्ये माज्या पोटात हाय, मामंजी. तुमच्या न्हाई."

मनुबाई खुदकन हसली. "आता बोला, सुभेदार!"

हंबीररावांनी पेला मागे घेतला. मग खाली बसून त्यांनी ती रम आपल्याच गुडघ्यांना चोळायला घेतली. "ऱ्हाऊ दे. गुडघं तरी खुश व्हतील. आगं, हिला आल्याचा काढा कर."

त्या दोघांचेही मला अपार कौतुक वाटते: कापऱ्या आवाजात बोलणाऱ्या तिचे, आणि ऐकून हात मागे घेणाऱ्या त्यांचे.

हळूहळू रक्त निवळले. मी पुन्हा हात पुढे केला आणि या वेळी तो धरला गेला. तंतूने पूल ओलांडला; पलीकडच्या अनोळखी पेशीला आम्ही प्रथमच स्पर्श केला. पुढे एका दुपारी बाळाने लाथ मारली, आणि अंजना पोटावर हात ठेवून बांधावरच थांबली. वाट चुकलेला तो शेजारी मात्र परतला नाही. मेंदूजवळ तंतूंची विपुलता असते, पण ती उधळण्यासाठी नसते.

आता मी थकलो आहे. लवकरच पेशी माझे मणी सुटे करील आणि त्यांतून दुसरा कुणी घडवील. या बाळाचा चेहरा मला दिसणार नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागतो. तुमच्या घरी कुणी गर्भार असेल, तर तिला पोटभर अन्न द्या, विसावा द्या. औषध म्हणूनही दारूचा थेंब देऊ नका. आणि कधी ती मान खाली घालून, चाचरत का होईना, मोठ्यांना नकार देऊ लागली, तर तिला गप्प करू नका. त्या क्षणी ती एकटी बोलत नसते.