मधल्या फळीवरचा मेटल डिटेक्टर

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. जमिनीत दडलेला धातू हुडकून काढणं हे माझं काम. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका लहानशा घरात, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी मी खुंटीला टांगलेला असतो. माझ्या दांड्यावर ओरखडे आहेत, मुठीचा रबर झिजलाय आणि तबकडीच्या कडेला गेल्या हिवाळ्यातली माती अजून चिकटलेली आहे. पण बटण दाबून बघा, मी आजही पहिल्या हाकेला ओ देतो. हे मी ऐटीत सांगतोय, आणि पुढेही ऐटीतच सांगणार आहे, तेव्हा ऐकायचं तर तयारीनं ऐका.

कारखान्यातल्या माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगण्यासारखं आहे ते दुकानातलं. तिथे आमच्या तीन फळ्या होत्या. खालच्या फळीवर पोराटोरांची यंत्रं. सोनं असो की गंजका खिळा, त्यांचं आपलं एकच टीं टीं. वरच्या फळीवर बडी मंडळी. त्यांच्या पडद्यावर एवढे तक्ते, एवढ्या खुणा, की विकणाऱ्या बाईलाही चष्मा पुसून बघावं लागे. आणि मधल्या फळीवर मी. गिऱ्हाईक यायचं, वर बघून आवंढा गिळायचं, खाली बघून नाक मुरडायचं, आणि माझ्याकडे ‘हा काय, मधलाच’ अशा नजरेनं बघायचं. मला त्याचा फार राग यायचा. मधला म्हणजे अर्धवट, असं कुणी ठरवलं?

एका सकाळी ग्वेंडा पुडी आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलेलं. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं कस्टर्ड खाऊनच मोठी झालीत. ती निवृत्त झाली, पाठोपाठ तिचा नवरा सिरिल गेला, आणि घर तिला खायला उठायला लागलं. काहीतरी नाद लावून घ्यावा, उघड्यावर फिरावं, म्हणून ती या छंदाकडे वळली होती. बरोबर तिचा दीर रॉयस्टन होता. त्याच्याकडे वरच्या फळीवरचं यंत्र, त्यामुळे सल्ले द्यायचा हक्क आपलाच, असं त्याला वाटे. त्याचं म्हणणं, एकतर माझ्यासारखं घे, नाहीतर खालचं खेळणं घे, महिन्याभरात कंटाळणारच आहेस. मधलं घेऊन ना धड इकडची ना धड तिकडची व्हायचीस.

विकणारी बाई मात्र शहाणी होती. तिनं आधी विचारलं, फिरणार कुठे, आणि हात किती वेळ चालेल? ग्वेंडा म्हणाली, दवानं भिजलेल्या कुरणांत फिरेन, आणि हात मोठमोठी पातेली ढवळून तयार झालाय, पण खांदा आता कुरकुरतो. मग तिनं तिघांनाही हातात धरून झुलवून पाहिलं. पण ती पडली स्वयंपाकीण, चाखल्याशिवाय कशी घेईल? तिनं कोटाच्या खिशातला ऐवज टेबलावर ओतला. एक नाणं, एक चांदीचं बटण आणि केसांचा एक लोखंडी आकडा.

खेळण्यानं तिन्हींना टीं टीं केलं. बड्या यंत्रातला योग्य कार्यक्रम, म्हणजे ‘प्रोग्रॅम’, सापडेपर्यंत तिनं कोटाच्या गुंड्या लावून घेतल्या. मग माझी पाळी आली. नाण्यावर मी खणखणीत वरचा सूर लावला, बटणावर त्याहून वरचा, आणि आकड्यावर खाली, घशातून, घुर्र केलं. शिवाय पडद्यावर धातूचा अंक दाखवला, तोही एवढा मोठा की तिला चष्मा काढावा लागला नाही.

"हा खरं बोलतो," ग्वेंडा म्हणाली, "आणि मला कळेल अशा भाषेत बोलतो. हाच द्या."

मित्रांनो, त्या दिवशी मी मधल्या फळीवरून उतरलो तो छाती फुगवूनच. निघताना बाईंनी बजावलं, तबकडी जमिनीलगत धरा, खड्डा केलात तर बुजवा, आणि टोकाला पोलादी टोपी बसवलेले कामगारी बूट घालू नका, नाहीतर हा तुमच्या पायांवरच ओरडत बसेल.

पण पहिल्याच दिवशी रॉयस्टननं एक गोष्ट शिकवली. लोखंडाचा आवाज बंद ठेव, म्हणाला. शेतात खिळे, नाल, तारा यांचाच सुळसुळाट असतो, घुर्र घुर्र ऐकून वेड लागेल. आमच्याकडे बहुतेक सगळे असंच करतात. ग्वेंडानंही ते बटण दाबलं आणि माझा खालचा गळा बंद झाला. पुढची तीन वर्षं मी लोखंड ओळखायचो आणि गप्प राहायचो. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण वरच्या सुरावर माझं कौतुक इतकं व्हायचं की मीही ते विसरत गेलो. चांदीची जुनी नाणी, कुण्या शिंप्याचं बोटात घालायचं अंगुस्तान, घोड्याच्या लगामाची नक्षीदार बक्कल, सगळं मी काढून दिलं. आमच्या छंदवाल्यांच्या क्लबच्या चहापानात माझी बक्कल हातोहात फिरायची आणि ग्वेंडाच्या गालांवर लाली चढायची.

आमच्या या छंदात एक शब्द फार मोठा आहे. परवानगी. शेतकऱ्यानं हो म्हटल्याशिवाय कुणाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. हळूहळू त्या शेतालाच सगळे परवानगी म्हणायला लागले. माझी परवानगी नदीकाठी आहे, तुझी कुठे? असं बोलणं चालतं. आणि ज्या परवानगीसाठी सगळा क्लब झुरत होता, ती पर्सी वाउल्सच्या मोठ्या कुरणाची. पर्सी गाईवाला, तिरसट माणूस. कुणीतरी खड्डे न बुजवता गेलं आणि त्याच्या कालवडीचा पाय मोडला, तेव्हापासून तो आमच्या जातीला फाटकाच्या आत घेत नसे.

तो पर्सी एका मे महिन्यात ग्वेंडाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. आत ये म्हटलं तरी येईना. आदल्या वर्षी त्याची डचेस नावाची गाय चाऱ्यातून तारेचा तुकडा पोटात जाऊन मेली होती. आणि आता त्याच्या ध्यानात आलं होतं, की वसंतात कुरणावर फिरवलेल्या दंताळ्याचा एक लोखंडी दात गायब आहे. गवत गुडघाभर वाढलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरघासासाठी, म्हणजे हिवाळ्यासाठी मुरवून ठेवायच्या चाऱ्यासाठी, कापणी, त्यानंतर पावसाची झड. दात कापणी यंत्रात गेला, तर तुकडे तुकडे होऊन चाऱ्यात मिसळणार.

"दात सापडला नाही तर मी कापणार नाही," तो म्हणाला. "आणि हे गवत गेलं तर हिवाळ्याआधी निम्म्या गाई विकाव्या लागतील. तुमच्या त्या गुणगुणणाऱ्या काठ्यांना लोखंड कळतं का?"

रॉयस्टन तिथेच चहा पीत बसला होता. झोपेतसुद्धा कळतं, म्हणाला तो.

दोघं निघाले. गवत दवानं ओलंचिंब होतं आणि ग्वेंडाच्या रबरी बुटांपैकी एक गळका निघाला. घाईघाईत तिनं सिरिलचे जुने कामाचे बूट पायात घातले. कुरणात दोऱ्या लावून पट्टे आखले. रॉयस्टननं ओढ्याकडची बाजू घेतली, ग्वेंडानं ओकच्या झाडाकडची. पर्सी फाटकाशी उभा राहून बघत होता, आणि त्याच्या गाई शेजारच्या कुंपणावरून माना काढून बघत होत्या.

दुपार झाली तरी काही नाही. रॉयस्टन आपले पट्टे संपवून आला. इकडे दात नाही, छातीठोकपणे म्हणाला. पर्सीनं मान हलवली आणि खिशातून फोन काढून कापणीवाल्याला येऊ नको म्हणून कळवायच्या तयारीला लागला. ग्वेंडाचे डोळे भरून आले. परवानगीचं तिच्या मनातही नव्हतं. तिला डचेस आठवत होती. शाळेच्या कस्टर्डचं दूध कैक वर्षं त्याच गोठ्यातून आलं होतं.

आणि मी? मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट दुपार. माझा गळा बंद होता आणि ते तिला आठवत नव्हतं. तीन वर्षांची सवय, बटणाकडे लक्ष जाणार कसं? मी कुणाला सांगणार होतो?

ग्वेंडा हताश होऊन थांबली. खांदा दुखत होता म्हणून तिनं मला खाली टेकवलं, थेट आपल्या बुटांपाशी. मी गप्प. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तबकडी बुटाच्या टोकावर धरली. मी गप्प. दुसऱ्या बुटावर धरली. तरीही गप्प.

"रॉयस्टन," ती सावकाश म्हणाली, "सिरिलच्या बुटांना पोलादी टोप्या आहेत. सकाळपासून हा माझ्या पायांवर ओरडायला हवा होता."

तिनं बटण दाबलं. असा घुर्र केला मी, की गाईंनी माना आत घेतल्या. आता पंचाईत अशी झाली, की प्रत्येक पावलाला मी बुटांवरच ओरडायला लागलो. ग्वेंडानं क्षणभर विचार केला, खाली बसली, नाड्या सोडल्या, बूट कुंपणापाशी ठेवले आणि मोज्यांवर चालायला लागली. ओल्या गवतात, काटेरी झुडपांशेजारून, साठी ओलांडलेली बाई मोज्यांवर. आपले पट्टे तिनं पुन्हा पालथे घातले. काही नाही. मग ती ओढ्याकडे वळली. तिकडे मी बघितलंय, असं रॉयस्टन म्हणाला. बघितलंयस, ऐकलं नाहीस, ती म्हणाली.

ओढ्याच्या वळणाशी, रॉयस्टनच्याच पट्ट्यात, मी बोललो. खालचा, जाडाभरडा, लांबलचक आवाज. तीन वर्षं दाबून ठेवलेला सगळा गळा मी तिथे मोकळा केला. ग्वेंडा गुडघ्यांवर बसली, गवत बाजूला केलं. बोटाएवढा जाड, वाकडा, गंजून लाल झालेला दात तिथे मातीत अर्धा रुतून बसला होता.

रॉयस्टननं आपलं यंत्र तपासलं. त्यानं लोखंडाचा आवाज चालू केला होता खरा, पण एका कार्यक्रमात, आणि फिरला होता दुसऱ्याच कार्यक्रमावर. त्यानं कान धरला आणि खो खो हसला. एवढे तक्ते शिकायला मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल, म्हणाला.

पर्सीनं दात हातात घेतला, तळव्यावर तोलला. मग ग्वेंडाच्या मोज्यांकडे बघितलं. मोजे राहिलेच कुठे होते म्हणा, चिखलच होता. मग दात तिच्या हातात परत ठेवला.

"येशील तेव्हा फाटक लावून घेत जा," तो म्हणाला. "गाई बाहेर पडतात."

एवढं बोलून तो दूध काढायला निघून गेला. परवानगी दिली की नाही ते रॉयस्टनला कळेना. ग्वेंडाला कळलं, मलाही कळलं.

त्यानंतर त्या कुरणात आम्हाला खूप काही मिळालं. चांदीचं एक नाणं तर शहरातल्या संग्रहालयात काचेमागे ठेवलंय, खाली ग्वेंडाचं नाव आहे. माझं नाही, पण असू दे. मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. यंत्र घ्याल तेव्हा वरच्या फळीला भुलू नका. हाताला पेलेल आणि कानाला कळेल असं घ्या. काम झालं की त्याची तबकडी पुसा, सेल काढून ठेवा, खणलेला खड्डा बुजवा. आणि गोड बोलणाऱ्याचं ऐकताना जाड्याभरड्या आवाजाचा गळा दाबू नका. कधीतरी सगळ्यात गरजेची गोष्ट त्यालाच सांगायची असते.

माझ्या खुंटीशेजारी दुसरी एक खुंटी आहे. तिला तो दात टांगलेला आहे. बाहेर पडायच्या आधी ग्वेंडा मला उतरवते आणि त्या दातावरून एकदा फिरवते. मी घुर्र म्हणतो. ‘आहेस ना,’ ती म्हणते, आणि मग आम्ही दोघं निघतो.