नावाड्याचं काय झालं?

मी मेमरी कार्ड बोलतोय. काडेपेटीपेक्षा लहान, करड्या रंगाचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. व्हिडिओ गेमच्या डब्याला पुढून खाच असते, तिथं मी बसतो आणि खेळणाऱ्यानं कुठवर मजल मारली, वाटेत काय काय केलं, ते लक्षात ठेवतो. दुसरं मला काही येत नाही. पण जे येतं त्याचा मला भारी अभिमान आहे.

२००५ साली शांती नगरातल्या एका दुकानातून दिपेशनं मला जुन्या डब्यासकट घरी आणलं. तो मीरा रोडला मोबाईल दुरुस्त करायचा आणि आई मंदाबरोबर गोडदेव गावातल्या कौलारू घरात राहायचा. मंदा मासळी विकायची. शेजारची घरं एकेक करून बिल्डरकडे गेली होती. यांच्या घराचीही बोलणी चालू होती.

सुट्टीच्या दुपारी मायलेक एक लांबलचक गेम खेळायचे. राज्य गमावलेला राजपुत्र घरी निघालाय आणि वाटेत सारखं त्याला काहीतरी ठरवायचंय. पडद्यावरचे पर्याय इंग्रजीत. मंदा कोलंबी सोलत बसायची, दिपेश तिला ते मराठीत सांगायचा आणि ती म्हणेल ते बटण दाबायचा. हीच त्यांची खेळायची रीत.

एकदा नदीकाठी एक म्हातारा नावाडी भेटला. त्याची नाव फुटलेली. त्याला राजपुत्राच्या नावेतून त्याच्या गावी न्यायचं, तर जागा नाही. राजपुत्राचा घोडा मागे ठेवावा लागणार.

"आई, घोडा एकदम कामाचा आहे हां. पुढे लढाई आहे."

"ऱ्हाऊ दे त्याला हितंच. म्हाताऱ्याला एकट्याला न्हाय सोडायचा."

दिपेशनं तोंड वाकडं केलं, पण बटण दाबलं. पुढच्या लढाईत घोड्यावाचून त्याचे हाल झाले. मंदा मात्र खूश होती. मीही तो नावाडी जपून ठेवला.

त्याच आठवड्यात दिपेशनं तिला घराबद्दलही विचारलं. "सातव्या माळ्यावर फ्लॅट देतायत. काय करूया?"

"मना ओटा पायजे. मासली सुकवू कुठं? न्हाय द्यायचं घर."

"बरं, बघू," तो म्हणाला. ती आत जाताच त्यानं बिल्डरच्या माणसाला फोन करून टाकला, रविवारी सही करायला येतो म्हणून. मला ते मुळीच आवडलं नाही, पण मला कोण विचारतो!

शनिवारी गेम संपत आला. शेवटच्या दारापाशी एकच प्रश्न: गादीवर बसणार की गादी सोडणार? मंदा म्हणाली, बस. वाजंत्री वाजली, राजपुत्र राजा झाला, पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. मंदाचा कोलंबीवरचा हात थांबला.

"तो म्हातारा कुठं हाय? घरी पोचला का न्हाय?"

"तसं काय दाखवत नाय, आई. मधे काहीपण निवडलं तरी शेवट हाच येतो."

"मंग मना इचारलंस कशाला?"

ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती. मला मात्र संताप आला. मी सगळं इमानानं सांभाळलं आणि गेम रचणाऱ्यानं शेवटाला मला उघडूनही पाहिलं नाही. घोडा गमावला होता, तर निदान तो नावाडी आपल्या दारात उभा दिसायला हवा होता. शेवट गोड नसता तरी चाललं असतं, पण तो मंदाच्या निवडीतून आलेला हवा होता.

दिपेशनं बिल्डरच्या माणसाला फोन लावला. "उद्या येत नाय. आईचं उत्तर 'नाय' आहे." पलीकडचा माणूस पुष्कळ बोलला. दिपेश आईकडे बघत ऐकत राहिला.

आज चार वर्षं झाली. गेमचा डबा बिघडला आणि मी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. छप्पर गळतं, दिपेश त्यावरून कुरकुरतो. चहूबाजूंच्या इमारतींमुळे ओट्यावर दुपारचंच काय ते ऊन येतं. तेवढ्या उन्हात मंदा बोंबील वाळवते.

गेम बनवणाऱ्यांनो, माणसाला विचारणार असाल तर त्याचं उत्तर शेवटापर्यंत सोबत न्या. नाहीतर विचारू नका. तो नावाडी अजून माझ्यापाशीच आहे, नावेत बसलेला. त्याला घरी पोचवायचं राहिलंय.